दाराला चिकटवलेली शांतता

मडकं घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून बघतं. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या बाजारात, मग तो कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की जिल्ह्याच्या गावातलं एखादं कार डेकोरचं दुकान, दाराचं डॅम्पिंग विकलं जातं ते याच रीतीने. आधी साध्या दारावर टिचकी मारून दाखवतात; पोकळ, लांबत जाणारा ‘टण्ण’ येतो. मग आतून शीट चिकटवलेल्या दारावर मारतात, ‘ठप्’. सौदा तिथेच निम्मा होतो. मडक्याच्या बाबतीत ही परीक्षा चोख आहे, कारण तडा गेलेलं मडकं खरोखरच बद्द वाजतं. दाराच्या बाबतीत मात्र टिचकी परीक्षा घेते एका गुणाची आणि पैसे मोजले जातात दुसऱ्याच गुणासाठी. हमरस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने जाताना बाहेरून कोणी दारावर टिचक्या मारत नसतं. तिथे टायर डांबरावर घासत असतात, सिमेंटच्या रेघांवर कुंई करत असतात, खड्ड्यात आपटत असतात, आणि त्या आवाजाला आत यायला दाराखेरीज पुष्कळ वाटा आहेत.

डॅम्पिंग म्हणजे निव्वळ फसवणूक, असं म्हणायचं नाही. त्याने काही गोष्टी खरोखर सुधारतात आणि त्या कोणत्या ते पुढे येईलच. पण रस्त्याचा आवाज कमी करणाऱ्या उपायांची रांग लावली तर दाराचा नंबर बराच मागे लागतो, आणि आपल्याकडे सुरुवात तिथूनच होते. याचं कारण सोपं आहे. दार हाताशी आहे, पॅड काढलं की लगेच दिसतं, एका दुपारीत काम होतं आणि फरक वाजवून दाखवता येतो. गाडीचा तळ, चाकांवरच्या कमानी, सस्पेन्शनचे बुश यांच्यापैकी कशालाच हे सुख नाही.

आतलं प्लास्टिकचं डोअर पॅड स्क्रू काढून, क्लिपा उचकटून बाजूला केलं की दाराची घडण कळते. रंग असलेला बाहेरचा पत्रा जाडीला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. त्यामागे पोकळी, काच तिच्यात उतरते, काच वरखाली करणारी मशीन तिथेच असते आणि बाजूने धडक बसली तर पत्रा आत घुसू नये म्हणून आडवा पोलादी दांडाही तिथेच. मग आतला पत्रा, ज्याला स्पीकरसाठी, वायरिंगसाठी आणि मशीनपर्यंत हात पोचावा म्हणून चांगली मोठी भोकं ठेवलेली असतात. या भोकांवर प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पातळ पडदा काळ्या, कधीच न सुकणाऱ्या गोंदाने डकवलेला असतो. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात शिरणारच, हे धरूनच दार बनवतात. ते पाणी खालच्या कडेच्या छिद्रांतून निघून जातं आणि पडदा ते पॅडकडे येऊ देत नाही. पण हाच पडदा आवाजाच्या आड येणारी दुसरी भिंतही पुरी करतो. काचेची मशीन बदलताना तो फाडायचा आणि नंतर तसाच कोंबून पॅड बसवायचं, ही गॅरेजातली इतकी जुनी सवय आहे की दोन-तीन दुरुस्त्या झालेल्या गाडीत पडदा धड सापडला तर नवल. पुढच्या पावसाळ्यात पायाशी पाणी साचतं तेव्हा तक्रार होते. त्याच वाटेने वर्षभर येणारा आवाज मात्र रस्त्याच्या खात्यावर जमा होतो.

आता शीटचं काम पाहू. दोनेक मिलिमीटरचा ब्यूटाइल रबराचा चिकट थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, इतकाच हा मामला. दाराचा पत्रा थरथरतो म्हणजे तो क्षणाक्षणाला आत-बाहेर वाकतो. वरचं ॲल्युमिनियम ताणलं जायला राजी नसतं, मधलं रबर दोघांच्या ओढाताणीत तिरकं खेचलं जातं आणि कंपनाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत विरून जाते. शास्त्र जुनं आहे: जर्मनीत हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये पत्र्यावर दिलेल्या एकेरी थराचं गणित मांडलं आणि अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी १९५९ मध्ये वरून दुसऱ्या पत्र्याने जखडलेल्या थराचं. आजची प्रत्येक चंदेरी शीट केर्विन यांच्या गणितावर चालते. कडेने बांधलेला पत्रा मधोमध सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे मधला साधारण चतुर्थांश भाग झाकला तरी बहुतेक फायदा पदरात पडतो, हे या कामातले जाणकारही मान्य करतात. कारखान्यालाही ते ठाऊक असतं. अनेक गाड्यांत बाहेरच्या पत्र्यामागे बरोबर मध्यावर एक छोटासा तुकडा आधीच चिकटवलेला दिसतो. कोपऱ्यान् कोपरा मढवलेलं दार फोटोत झकास दिसतं आणि बिलातही, एवढंच.

पत्र्याचं थरथरणं थांबवणं एक आणि पलीकडून येणारा आवाज अडवणं दुसरं. अडवणुकीचा मुख्य आधार वजन. आवाजाला अडवणाऱ्या पापुद्र्याचं दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं तर अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. याला वस्तुमानाचा नियम म्हणतात. पाऊण मिलिमीटर पोलाद भरतं चौरस मीटरला जवळपास ६ किलो. दोन मिलिमीटरची शीट साधारण तीन, साडेतीन किलो. म्हणजे बाहेरचा पत्रा इंच न् इंच झाकला तरी वजन दीडपटीच्या थोडं वर जातं आणि अडवणूक वाढते ती ४ डेसिबलच्या आत-बाहेर. थरथर थांबवायला पुरेसा असलेला चतुर्थांश भागच झाकला, तर हीच वाढ जेमतेम एका डेसिबलवर येते. शिवाय ही सगळी मिळकत त्या पत्र्यातून येणाऱ्या आवाजाच्या वाट्यापुरती. काचेतून, तळातून, बीडिंगच्या फटीतून येणाऱ्या आवाजाला या शीटचं काही देणं-घेणं नाही.

आणि या वाट्याचा हिशेब डेसिबलच्या चमत्कारिक बेरजेमुळे आणखी निराश करणारा निघतो. डेसिबल साध्या संख्यांसारखे मिळवता येत नाहीत. तंतोतंत सारखे दोन आवाज एकत्र आले तर ३ डेसिबल वाढतात, आणि त्यातला एक पूर्ण बंद केला तर ३ डेसिबलच कमी होतात. आवाज निम्मा झाल्यासारखं कानाला वाटायचं तर साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. समजा, गाडीत येणाऱ्या एकूण आवाजाच्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा चारही दारांच्या पत्र्यांतून येतो, आणि समजा, एखाद्या जादूने तो हिस्सा शून्य केला. उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा आवाज आधीच्यापेक्षा कमी भरतो तो एका डेसिबलने, म्हणजे जो फरक कानाला कळला तर कळला. पाचवा हिस्सा हा आकडा इथे उदाहरणादाखल घेतला आहे. तिसरा घेतला तरी जादूसकट उतार २ डेसिबलच्या खालीच राहतो. जिथे वाटा पुष्कळ असतात तिथे एकीवर कितीही खर्च केला तरी बाकीच्या वाटा त्या खर्चाचं चीज होऊ देत नाहीत.

सर्वांत निसरडी वाट फटीची. एक चौरस मीटरचं दार धरा आणि त्याच्या कडेच्या रबरी बीडिंगमध्ये एक मीटर लांब, एक मिलिमीटर रुंद फट धरा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही हजारावा भाग झाली. तेवढ्या भागातून आवाज बिनरोक आत येतो असं धरलं, तर बाकीचं दार किल्ल्याच्या भिंतीएवढं जाड करूनही एकूण अडवणूक ३० डेसिबलच्या पुढे सरकत नाही. फट शंभराव्या भागाची झाली की २० डेसिबलला गाडं अडतं. पाच-सात वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं बीडिंग चपटं आणि कडक होतं, कोपऱ्यात सुटतं. तपासायला यंत्र लागत नाही: कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडखळत आली तर ठीक, सरकन सुटली तर तिथे बीडिंग दाबत नाही. दाराचा लॅच ज्यावर अडकतो तो कडीचा तुकडा जरासा आत सरकवून किंवा बीडिंग बदलून जे साधतं, त्याला शीटच्या मानाने किरकोळ खर्च येतो. पण बीडिंगची जाहिरात कोण करणार?

काचेचा प्रश्न याहून अवघड. दाराचा वरचा जवळजवळ अर्धा भाग काचेचा, आणि तिला शीट लावता येत नाही. काच तशी हलकी नसते. चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो, म्हणजे पत्र्याहून जड भरते. पण प्रत्येक ताठ पातळ वस्तूची एक विशिष्ट पट्टी असते, जिथे बाहेरच्या आवाजाची लाट आणि त्या वस्तूत धावणारी वाकण्याची लाट यांची गती जुळते, आणि तिथे वजनाचा नियम कोसळून आवाज जवळजवळ आरपार जातो. साडेतीन-चार मिलिमीटरच्या काचेची ही पट्टी पडते ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान, म्हणजे माणसाचा कान जिथे सर्वांत तिखट असतो नेमकी तिथे. पातळ पोलादी पत्र्याची हीच पट्टी १५,००० हर्ट्झच्याही वर, जिथे रस्त्याचा आवाज फारसा नसतोच. म्हणून महाग गाड्यांत दोन काचांमध्ये मऊ प्लास्टिकचा थर घालून बनवलेली लॅमिनेटेड काच बाजूच्या दारांनाही बसवतात. वाऱ्याची सळसळ आणि शेजारच्या ट्रकचा फुसकारा कमी करायचा तर दारात करण्याजोगं खरं काम ते आहे, आणि ते कारखान्यातच होऊ शकतं.

हे झालं हवेतून येणाऱ्या आवाजाचं. रस्त्याच्या आवाजाचा जो भाग दमवतो, ती खालच्या पट्टीतली गुरगुर, तो बहुतांशी हवेतून येतच नाही. टायरची थरथर चाकाच्या हबमधून सस्पेन्शनच्या दांड्यांत, तिथून रबरी बुशांतून सांगाड्यात आणि सांगाड्यातून तळाच्या पत्र्यात जाते. तळाचा पत्रा मग एखाद्या मोठ्या स्पीकरच्या पडद्यासारखा आतल्या हवेला हलवतो. ढोबळमानाने ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज मुख्यतः या मार्गाचा. तळ सांगाड्याला वेल्डिंगने जखडलेला आहे. दार मात्र दोन बिजागऱ्या, एक लॅच आणि भोवतीचं रबर यांच्यावर टांगलेलं असतं. सस्पेन्शनकडून निघालेली थरथर ज्या भागापर्यंत सर्वांत शेवटी आणि सर्वांत मवाळ होऊन पोचते, अशा भागांत दाराची गणना होते. तरीही मढवायला घेतात ते पहिल्यांदा दारच.

उगमापाशी टायर आहे. मोटारगाडी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास गेली की बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजात इंजिनापेक्षा टायर वरचढ होतो, आणि गाडीच्या आत ताशी १०० च्या पुढे हळूहळू वारा त्याला गाठतो. मधला सगळा पल्ला, म्हणजे आपला बहुतेक प्रवास, टायरच्या मालकीचा. टायरमधल्या कोंडलेल्या हवेचीही एक गंमत आहे. ती कड्यासारखी गोल पसरलेली असते, आणि त्या कड्याचा घेर व आवाजाची गती यांचं गणित केलं की साध्या गाडीच्या टायरचा स्वतःचा सूर २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान येतो. पुलाच्या सांध्यावरून जाताना धक्क्यामागोमाग जो ‘टंग्’ असा नाद क्षणभर राहतो, तो हा. कॉन्टिनेन्टल, मिशेलिन, पिरेली यांनी टायरच्या आतून फोमची पट्टी चिकटवलेले टायर काढले ते याच सुरासाठी. फोमचे टायर बाजूला ठेवले तरी साध्या टायरांतही नक्षी, रबर आणि वय यांमुळे फरक पडतो. जुनं रबर कडक होऊन जास्त वाजतं. चाकांची अलाइनमेंट बिघडून नक्षी एका बाजूने दातेरी झिजली की अशी घरघर निघते की लोक बेअरिंग गेलं म्हणून ते बदलून मोकळे होतात, घरघर तशीच राहते, आणि मग पाळी येते दारांची.

आणखी एक उपाय आहे, तो कोणी विकत नाही म्हणून त्याचं नावही निघत नाही. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज ९ ते १२ डेसिबलने वाढतो. याच हिशेबाने ताशी १०० वरून ८० वर आलं तर ३ ते ४ डेसिबल उतरतात. चार दारं मढवून जे मिळण्याची आशा असते, त्याहून हे जास्त आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सव्वा तासाची शांतता हवी की तासाभराचा गोंगाट, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण पैसे खर्च करण्याआधी निदान तुलना तरी व्हावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो गणितावर नव्हे, अनुभवावर बोट ठेवणारा. दारांना शीट लावून घेतलेले लोक शपथेवर सांगतात की फरक पडला. ते खोटं बोलत नाहीत. आतला पत्रा भोकांसकट बंद केला की फाटलेल्या पडद्याची जागा भरून निघते आणि वरच्या पट्टीतला ‘सीस्स’ असा आवाज खरोखर घटतो. सैल क्लिपांची, वायरींची खुळखुळ थांबते. सतत येणाऱ्या गुरगुरीपेक्षा खुळखुळ कानाला कितीतरी जास्त टोचते, त्यामुळे ती गेली की गाडी निम्म्याने शांत झाल्यासारखी वाटते. दारात स्पीकर असेल तर सर्वांत मोठा फायदा त्याचा. स्पीकरसाठी दार म्हणजे खोकं, आणि थरथरणारं खोकं गाण्यातला ठेका खाऊन टाकतं. डॅम्पिंगचा धंदा मुळात वाढला तो गाडीतल्या संगीताच्या शौकिनांमुळेच. आणि दार लावताना येणारा ‘धप्प’ असा भरीव आवाज. आपल्याकडे शोरूममध्ये गाडीचा पत्रा जोखण्याची हीच सर्वमान्य कसोटी आहे. कंपन्यांना हे पुरतं माहीत असल्याने दार लागण्याचा आवाज त्या अभियंत्यांना बसवून घडवून घेतात. हे सगळे फायदे पैसे मोजण्यालायक असू शकतात. फक्त रस्त्याच्या गुरगुरीला त्यांतला एकही हात लावत नाही.

मोबाइलवरच्या आकड्यांचा आधार मात्र घेऊ नये. आधी ७२ दाखवत होतं, आता ६७, असं सांगितलं जातं तेव्हा दोन्ही वेळा रस्त्याचा तोच तुकडा होता का, वेग तोच होता का, एसीचा पंखा कितीवर होता, रस्ता ओला होता का, हे सहसा कोणी नोंदवलेलं नसतं. आणि डांबराच्या एका पोतावरून दुसऱ्यावर गेलं तरी आकडा तेवढाच हलतो. शिवाय ॲप बहुधा कानाच्या संवेदनेनुसार सुधारलेले डेसिबल दाखवतं, ज्यात १०० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी मोजला जातो. प्रवासाने डोकं जड करणारी खालची गुरगुर त्या आकड्यात जेमतेम उमटते. ती तिथे नाही म्हणून ती घटली, असं ठरत नाही.

दुसरा आक्षेप परदेशी बनावटीच्या महाग गाड्यांचं उदाहरण देतो: त्यांची दारं जड, म्हणून त्या शांत. दारं जड असतात हे खरं. पण त्याच गाड्यांत बीडिंग दुहेरी-तिहेरी असतं, काच लॅमिनेटेड असते, सस्पेन्शन वेगळ्या चौकटीवर बसवून ती चौकट पुन्हा रबरावर टेकवलेली असते, तळावर जाड फेल्ट अंथरलेलं असतं आणि सांगाड्याच्या पोकळ खांबांत फोम भरलेला असतो. अभियंत्यांच्या बोलीत एनव्हीएच (आवाज, कंपन आणि खरखर) नावाचं हे खातं गाडी कागदावर असल्यापासून काम करतं; पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेत त्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळा आहेत. या सगळ्याच्या शेवटी दाराचं वजन येतं. बाकीचं वगळून फक्त ते उचललं तर लग्नातला फेटा तेवढा बांधल्यासारखं होतं.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो, की शीटच्या वजनाने ॲव्हरेज मार खाईल. हा फारसा खरा नाही. दारांपुरतं काम केलं तर वजन वाढतं ते दहा-पंधरा किलोच्या घरात; मागे बसलेलं शाळकरी पोर त्याहून जड असतं. खरी काळजी वेगळ्याच गोष्टींची आहे. निचऱ्याची छिद्रं शीटखाली बुजली की पाणी दारातच राहतं, आणि कोकणात किंवा गोव्यात चार महिने ते तसं राहिलं तर दाराची खालची कड आतून सडू लागते. स्पंजासारखा फोम भरला तर तो पाणी धरून ठेवतो. पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम सुरक्षित, पण तो आवाजही फारसा पीत नाही. ब्यूटाइलच्या नावाखाली डांबरी शीट विकली गेली तर विदर्भातल्या मे महिन्यात ती वास मारते आणि सुटते. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग उघडायची की नाही हे दाराच्या पोकळीतल्या हवेचा दाब अचानक किती वाढला यावरून ठरतं. तिथला दाबाचा सेन्सर झाकणं किंवा पोकळीची रचना मनाने बदलणं हा पोरखेळ नव्हे. काम करून घ्यायचंच असेल तर शीट चिकटवण्याआधी एवढं विचारलंच पाहिजे.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हा बाजार आणखी तेजीत आणला आहे. इंजिनाचा आवाज गेला आणि त्याच्याआड लपलेला टायर, वारा आणि प्लास्टिकची कुरकुर उघडी पडली. त्यात बॅटरीमुळे गाडी जड आणि टायर रुंद. नवी गाडी घेतलेला माणूस ‘आवाज वाढला’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा वाढलेला काहीच नसतो, पांघरूण तेवढं निघालेलं असतं. इथेही उत्तर टायरपासून सुरू होतं. याउलट वाट म्हणजे उलट्या लाटेने आवाज मारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ती खालच्या पट्टीत, म्हणजे शीट जिथे हतबल ठरते तिथे, चांगली चालते. निसानने १९९०च्या दशकाच्या आरंभी इंजिनाच्या घोंघावण्यावर ती वापरली आणि ह्युंदाईने अलीकडे रस्त्याच्या आवाजापर्यंत आणली. पण तीही आत बसलेल्यांपुरतीच.

दाराच्या उपायावरचा सर्वांत मोठा आक्षेप इथेच येतो. दाराने अडवलेला आवाज नाहीसा होत नाही, तो बाहेर राहतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोठ्या रस्त्याकाठच्या घरात ती किती पाळली जाते हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला जाहीर केलेला एक प्रयोग आठवत असेल: सिग्नलला डेसिबल मीटर जोडले होते आणि हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. त्या गमतीमागे एक गंभीर जाण होती, की काचा लावून एसीत बसलेल्याला आपण बाहेर काय ओततो ते कळत नाही. गाडी जितकी बंदिस्त, तितका स्वतःचा हॉर्न स्वतःला मवाळ, असा तर्क करायला जागा आहे. टायर शांत असेल किंवा रस्ता शांत असेल तर मात्र फायदा दाराच्या दोन्ही बाजूंना होतो, गाडीतल्यालाही आणि फुटपाथवरच्यालाही.

‘रस्ता माझ्या हातात नाही, दार आहे,’ हे यावरचं रोकडं उत्तर. एका माणसापुरतं ते बरोबरच आहे. पण रस्ता कोणाच्या तरी हातात असतोच. महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत मोठे रस्ते सिमेंटकडे वळले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मग नागपूरहून मुंबईकडे येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, आणि आता मुंबई शहरातल्या गल्ल्याही. खड्ड्यांनी पोळलेल्यांनी याचं स्वागत केलं आणि ते योग्यच होतं. पण चाक घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढतात, आणि त्या समान अंतरावर असल्या तर टायर त्यांवर एक ठराविक सूर धरतो. रेघा २० मिलिमीटरवर आणि वेग ताशी १०० किलोमीटर असेल, तर सेकंदाला जवळपास १,३९० रेघा ओलांडल्या जातात, म्हणजे १,३९० हर्ट्झची शिट्टी. दारात काहीही चिकटवा, ही शिट्टी काचेतून येतच राहते. रेघांमधलं अंतर अनियमित ठेवलं, त्या लांबीच्या दिशेने ओढल्या किंवा तयार पृष्ठभाग हिऱ्याच्या पात्यांनी बारीक घासला तर शिट्टी मोडते.

आपल्या धुळीत आणि पावसात परदेशी उपाय टिकणार नाहीत, हे म्हणणं अर्धं पटण्याजोगं आहे. नेदरलँड्सने आपल्या बहुतेक राष्ट्रीय महामार्गांवर सच्छिद्र डांबर घातलं आणि सुमारे ३ डेसिबल कमावले. पण त्याची छिद्रं मातीने बुजतात, आणि ऊस व वाळू सांडत जाणाऱ्या आपल्या वाहतुकीत ती लवकर बुजतील. अमेरिकेत ॲरिझोनाने २००३ पासून फीनिक्सच्या काँक्रीट महामार्गांवर रबरमिश्रित डांबराचा इंचभर थर दिला. आवाज उतरला, लोक खूश झाले, पण थर जुना झाला तसा फायदाही ओसरला. अलीकडे तिथे झिजलेला थर काढून खालचं काँक्रीटच घासून घेण्याकडे कल आहे. हा अनुभव आपल्या सोयीचा आहे, कारण काँक्रीट आपल्याकडे आधीच पडलेलं आहे आणि त्याला सच्छिद्रतेचं दुखणं नाही. नव्या कामात तर प्रश्न फक्त ओला पृष्ठभाग कोणत्या दिशेने आणि कोणत्या अंतराने खरवडायचा, एवढाच उरतो.

टायरच्या बाबतीत सरकारने पाऊल उचललेलं आहे, फारसा गाजावाजा न होता. २०२२ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने लोळताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि चालताना होणारा आवाज या तिन्हींच्या मर्यादा एआयएस-१४२ या मानकाने टायरांना लागू करण्याची अधिसूचना काढली. हा आवाज मोजतात तो गाडीचं इंजिन बंद करून, तिला ताशी ८० च्या वेगाने नुसती घरंगळू देऊन, रस्त्याच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर. म्हणजे तो बाहेरच्याच्या कानाचा आकडा आहे. आतल्याच्या कानाला तोच उतार मिळेल असं नाही, पण दिशा बहुधा तीच राहते. युरोपात २०१२ पासून नव्या टायरवर हा आकडा डेसिबलमध्ये छापलेलं लेबल लागतं, आणि तिथे विकला जाणारा तोच टायर आपल्याकडे असला तर तो शोधून काढता येतो. गाडीचे टायर तसेही चार-पाच वर्षांनी बदलावे लागतातच. डॅम्पिंगसाठी बाजूला काढलेले पैसे तोवर थांबवले, त्या दिवशी दोन टायरांच्या किमतीतल्या फरकात घातले आणि त्याच फेरीत बीडिंगमध्ये कागदाची पट्टी ओढून पाहिली, तर शीट लावायची की नाही याचा निकाल पुढच्या लांबच्या प्रवासात आपोआप लागेल.